मोटारीतील हौशी रेडिओ केंद्र

मोटारगाडीत बसवलेला प्रेषक-ग्राही संच, गाडीवर उभारलेली अँटेना (आकाशक) आणि गाडीच्याच बॅटरीवरून घेतलेला वीजपुरवठा यांच्या साहाय्याने परवानाधारक हौशी रेडिओचालकाने चालवलेल्या फिरत्या केंद्रास मोटारीतील हौशी रेडिओ केंद्र असे म्हणतात. अशा केंद्रावरून शहरातल्या शहरात होणारे संपर्क बहुधा अत्युच्च वारंवारतेवर (व्हीएचएफ) होतात. ३ ते ३० मेगॅहर्ट्झ या उच्च वारंवारतेच्या (एचएफ) पट्ट्यांत मात्र गाडीतून हजारो किलोमीटर दूर असलेल्या केंद्रांशीही बोलता येते. अशा दूरच्या संपर्काला हौशी रेडिओचालकांच्या परिभाषेत 'डीएक्स' म्हणतात. मुंबई ते लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटरचे आणि मुंबई ते टोकियो हे सुमारे ६,७०० किलोमीटरचे अंतर अनुकूल परिस्थितीत शंभर वॅट शक्तीच्या संचाने गाडीतून पार करता येते.

गाडीवर मावणारी अँटेना या वारंवारतांच्या तरंगलांबीच्या मानाने फार आखूड असते. त्यामुळे संचाने दिलेल्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेत वाया जातो. ही हानी कमी करणे आणि उरलेल्या शक्तीसाठी योग्य वेळ, योग्य पट्टा व योग्य जागा निवडणे, यांवर मोटारीतून होणाऱ्या दूरसंपर्काचे यश अवलंबून असते.

इतिहास

अमेरिकेतील १९१२ च्या रेडिओ कायद्याने हौशी प्रेषकांना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबीपुरते मर्यादित केले. त्या काळी या लहरी दूरवरच्या कामास निरुपयोगी समजल्या जात. मात्र २७ नोव्हेंबर १९२३ रोजी फ्रान्समधील लेऑन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ या हौशी रेडिओचालकांनी सुमारे ११० मीटर तरंगलांबीवर अटलांटिक महासागरापलीकडे दुतर्फा संपर्क साधला. लघुलहरी अल्प शक्तीवरही फार दूर जातात, हे त्यावरून दिसून आले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये एडवर्ड ॲपलटन यांनी या लहरींना परत पाठवणाऱ्या वातावरणातील विद्युतभारित थराचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९४७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात कोलकाता विद्यापीठातील शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयावर मूलभूत संशोधन केले.

निर्वात नलिकांच्या काळात गाडीत प्रेषक बसवणे खर्चिक आणि अवघड होते. नलिकांना काहीशे व्होल्टचा दाब लागे आणि तो बॅटरीवरून मिळवण्यासाठी डायनॅमोटर किंवा व्हायब्रेटर अशी साधने वापरावी लागत. शिवाय त्या काळच्या आयाम-मॉड्युलनात (एएम) प्रेषित शक्तीचा बहुतांश भाग संदेश न वाहणाऱ्या वाहक लहरीत जाई. वाहक लहर व एक बाजूपट्टा काढून टाकणारी 'सिंगल साइडबँड' (एसएसबी) पद्धत १९५० च्या दशकात हौशी क्षेत्रात रुजली आणि तेवढ्याच शक्तीत आवाज अधिक दूर पोहोचू लागला. अमेरिकेतील कॉलिन्स कंपनीचा १९५७ चा 'केडब्ल्यूएम-१' हा गाडीतही वापरता येईल अशा रीतीने बनवलेला एसएसबी संच होता. १९७० च्या दशकात ट्रान्झिस्टरवर चालणारे सुमारे शंभर वॅटचे संच आले. ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालत असल्याने उच्च दाबाच्या वेगळ्या साधनाची गरज संपली. पुढील काळात पुढची पट्टी मुख्य पेटीपासून वेगळी करता येणारे छोटे संच मिळू लागले. अशा संचाची पेटी आसनाखाली बसवून केवळ पट्टी चालकासमोर ठेवता येते.

तरंगलांबी आणि गाडीचा आकार

मीटरमधील तरंगलांबी काढण्यासाठी ३०० या संख्येला मेगॅहर्ट्झमधील वारंवारतेने भागतात. उभ्या अँटेनेची स्वाभाविक लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते. अशा पूर्ण लांबीच्या अँटेनेचा प्रारण-रोध सुमारे ३६ ओहम असतो. अँटेनेत शिरलेल्या शक्तीचा जो भाग लहरींच्या रूपाने बाहेर पडतो, तो या रोधात खर्च झाला असे मानले जाते. अँटेना आखूड केली की हा रोध लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

गाडीवर अडीच मीटर लांबीची उभी काठी बसवली आणि तिच्या तळाशी वेटोळे जोडले, तर वेगवेगळ्या वारंवारतांवर स्थिती साधारणपणे पुढीलप्रमाणे असते:

- ३.६ मेगॅहर्ट्झ (८० मीटर पट्टा): पाव तरंगलांबी २०.८ मीटर, प्रारण-रोध सुमारे ०.३६ ओहम.
- ७.१ मेगॅहर्ट्झ (४० मीटर पट्टा): पाव तरंगलांबी १०.६ मीटर, प्रारण-रोध सुमारे १.४ ओहम.
- १४.२ मेगॅहर्ट्झ (२० मीटर पट्टा): पाव तरंगलांबी ५.३ मीटर, प्रारण-रोध सुमारे ५.५ ओहम.
- २८.५ मेगॅहर्ट्झ (१० मीटर पट्टा): पाव तरंगलांबी २.६ मीटर, प्रारण-रोध सुमारे ३० ओहम.

या रोधाशी एकसरीत आणखी दोन रोध असतात. एक वेटोळ्याच्या तारेचा आणि दुसरा गाडीच्या सांगाड्यातून व त्याखालच्या जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहाला होणारा. त्यांत खर्च झालेली शक्ती उष्णता बनते. उदाहरणार्थ, ७.१ मेगॅहर्ट्झवर वेटोळ्याचा रोध ४.५ ओहम आणि जमिनीचा रोध ८ ओहम धरला, तर एकूण रोध सुमारे १४ ओहम होतो. त्यात प्रारण-रोधाचा वाटा १.४ ओहम, म्हणजे दहा टक्के आहे. संचाने शंभर वॅट दिले तरी दहा वॅटच अवकाशात जातात. हेच गणित १४.२ मेगॅहर्ट्झवर वेटोळ्याचा रोध २.२ व जमिनीचा ६ ओहम धरून केले, तर कार्यक्षमता सुमारे ४० टक्के येते. ३.६ मेगॅहर्ट्झवर हे रोध अनुक्रमे ९ व १२ ओहमांच्या घरात जातात आणि शंभरपैकी दोन वॅटही बाहेर पडत नाहीत. प्रत्यक्ष आकडे गाडी, अँटेना व जमीन यांनुसार बदलतात. परंतु वारंवारता वाढेल तशी गाडीवरील अँटेना अधिक कार्यक्षम होते, हा नियम कायम राहतो. दूरसंपर्कासाठी मोटारीतून १४ मेगॅहर्ट्झ व त्यावरील पट्टे अधिक वापरले जाण्याचे हे प्रमुख कारण आहे.

शक्तीतील ही घट ऐकणाऱ्याला मात्र तेवढ्या प्रमाणात जाणवत नाही. शंभर वॅटऐवजी दहा वॅट म्हणजे १० डेसिबलची घट होय. ग्राही संचावरील संकेतमापकाचा एक 'एस' अंश संकेतानुसार ६ डेसिबलचा असतो. त्यामुळे घरच्या पूर्ण लांबीच्या अँटेनेच्या तुलनेत गाडीचा आवाज दोन अंशांहूनही कमी खाली येतो. पट्टा शांत असेल तर एवढा आवाज ऐकू येतो. गोंगाट असेल तर तो बुडून जातो.

अँटेना

आखूड अँटेनेचा विद्युतगुण धारित्रासारखा असतो. तो रद्द करून अँटेना अनुनादात आणण्यासाठी तिच्यात वेटोळे घालतात. वेटोळे कोठे घालावे याला महत्त्व आहे. ते तळाशी असेल तर आकाराने लहान पुरते व बांधणी सोपी होते, परंतु त्याच्यावरच्या काठीत प्रवाह टोकाकडे झपाट्याने कमी होत जातो. वेटोळे मध्यभागी घेतल्यास त्याच्या खालच्या भागात प्रवाह जवळजवळ सारखा राहतो आणि प्रारण-रोध दुपटीच्या जवळपास वाढू शकतो. त्यासाठी वेटोळे मोठे लागते व त्याची स्वतःची हानीही वाढते. म्हणून जाड तारेचे, फेऱ्यांत मोकळी जागा सोडून गुंडाळलेले आणि व्यास व लांबी यांचे प्रमाण योग्य असलेले वेटोळे पसंत केले जाते. काठीच्या टोकाजवळ चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा आडव्या बसवूनही धारकता वाढवता येते. या रचनेला 'कपॅसिटी हॅट' असे म्हणतात. ती असेल तर लहान वेटोळे पुरते व हानी घटते.

आखूड अँटेना वारंवारतेच्या फार अरुंद पट्टीत काम करते. ७ मेगॅहर्ट्झवर काही दहा किलोहर्ट्झ सरकले तरी तिची जुळणी बिघडते. घरी ही जुळणी पुन्हा करता येते, परंतु गाडीतून प्रत्येक वेळी खाली उतरणे सोयीचे नसते. या अडचणीवर 'स्क्रूड्रायव्हर अँटेना' हा उपाय निघाला. हिच्या तळाच्या नळीत लहान विद्युत मोटार असते. मोटार फिरवली की वेटोळे नळीतून वर किंवा खाली सरकते आणि त्याच्या उपयोगात येणाऱ्या फेऱ्यांची संख्या बदलते. सुरुवातीच्या अँटेनांत बॅटरीवर चालणाऱ्या पेचकसाची मोटार वापरली गेल्याने हे नाव पडले. अमेरिकन हौशी रेडिओचालक डॉन जॉन्सन (संकेतनाम डब्ल्यू६एएक्यू) यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. अशा अँटेनेमुळे चालकाला आसनावर बसूनच एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर जाता येते.

अँटेनेची जुळणी तपासण्यासाठी स्थिर तरंग गुणोत्तर (एसडब्ल्यूआर) मोजतात. संच व समाक्ष तार ५० ओहमांसाठी बनवलेली असतात आणि गुणोत्तर १ च्या जवळ असणे हे चांगल्या जुळणीचे लक्षण मानले जाते. गाडीवरील आखूड अँटेनेबाबत मात्र हा आकडा फसवा ठरू शकतो. वरील उदाहरणात चांगल्या अँटेनेचा एकूण रोध १४ ओहमांच्या आसपास होता. तो ५० ओहमांशी जुळवण्यासाठी तळाशी लहान वेटोळे, धारित्र किंवा रोहित्र जोडावे लागते. असे काहीही न जोडता ४० मीटर पट्ट्यावर गुणोत्तर १ दिसत असेल, तर उरलेले ओहम बहुधा हानीचे असतात. जमिनीची जोड सुधारल्यावर गुणोत्तर वाढलेले दिसले, तर ते अनेकदा अँटेना सुधारल्याचे चिन्ह असते.

गाडीचा सांगाडा आणि जमीन

उभी काठी हा अँटेनेचा अर्धाच भाग असतो. दुसरा अर्धा भाग गाडीचा धातूचा सांगाडा पुरवतो. सांगाडा आणि खालची जमीन यांच्यात धारित्राप्रमाणे संबंध असतो व परतीचा प्रवाह त्यातून जातो. त्यामुळे अँटेनेचा पाया सांगाड्याला घट्ट, गंजविरहित आणि आखूड मार्गाने जोडलेला असावा लागतो. काचेच्या कडेला लावलेली पकड किंवा छतावर ठेवलेले चुंबकी बैठक-साधन अत्युच्च वारंवारतेला चालते. उच्च वारंवारतेवर त्याची सांगाड्याशी जोड अपुरी पडते.

आधुनिक गाडीचे दरवाजे, बॉनेट व मागचे झाकण बिजागऱ्यांवर आणि रबरी पट्ट्यांवर टेकलेले असतात. विद्युतदृष्ट्या ते सांगाड्यापासून अर्धवट तुटलेले असतात. विणलेल्या तांब्याच्या रुंद पट्ट्यांनी हे भाग एकमेकांस जोडले तर हानी व गोंगाट दोन्ही घटतात. सायलेन्सरची नळीही अशीच जोडतात, कारण ती रबरावर टांगलेली असते आणि इंजिनाचा विद्युत गोंगाट बाहेर फेकते. अँटेना शक्य तितकी उंच आणि आजूबाजूच्या धातूपासून मोकळी असावी. गाडीच्या मागच्या धक्कापट्टीवर लावलेल्या अँटेनेचा खालचा भाग गाडीच्या अंगाला समांतर जातो. त्या भागाचे प्रारण पुष्कळसे निष्फळ ठरते.

वीजपुरवठा

शंभर वॅटचा संच बोलताना आवाजाच्या शिखरावर सुमारे २० अँपिअर प्रवाह खेचतो. सिगारेट-लायटरची खाच यासाठी बनवलेली नसते. म्हणून जाड तारा थेट बॅटरीपासून आणतात आणि बॅटरीजवळच धन तारेत फ्यूज बसवतात. तार कोठे घासून सांगाड्याला टेकली तर हा फ्यूज वितळतो आणि गाडीला आग लागण्याचा धोका टळतो. जाण्यायेण्याच्या तारेचा एकूण रोध ०.०२ ओहम असला तरी २० अँपिअरला ०.४ व्होल्टची घट होते. १३.८ व्होल्टसाठी बनवलेला संच बोलण्याच्या ऐन वेळी कमी दाबावर आला तर आवाज फाटतो किंवा संच बंद पडतो.

इंजिन बंद ठेवून दीर्घकाळ प्रेषण केल्यास गाडी पुन्हा सुरू होण्याइतकी वीज बॅटरीत उरत नाही. त्यामुळे थांबून काम करणारे अनेकजण स्वतंत्र बॅटरी बाळगतात. विद्युत गाड्यांतही दिवे इत्यादींसाठी बहुधा १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते आणि संच तिच्यावरच जोडला जातो. गाडी ओढणाऱ्या उच्च दाबाच्या बॅटरीला हात लावणे धोक्याचे आहे.

विद्युत गोंगाट

दूरचे केंद्र ऐकू आले नाही तर संपर्क होत नाही, आणि गाडीत ऐकण्याची अडचण बोलण्याहून मोठी असते. पेट्रोल इंजिनाच्या ठिणग्या वेगानुसार बदलणारी कडकड निर्माण करतात. आल्टरनेटरमुळे शिट्टीसारखा सूर येतो. इंधनपंप, पंखे, इंजिन-नियंत्रक संगणक आणि मोबाइल चार्जर हे आणखी काही स्रोत होत. संकरित व विद्युत गाड्यांतील इन्व्हर्टर मोठ्या प्रवाहाची सतत उघडझाप करतात, त्यामुळे त्यांचा गोंगाट विस्तृत पट्ट्यात पसरतो.

गोंगाट शोधण्याची रीत पद्धतशीर असते. आधी इंजिन बंद ठेवून ऐकतात, नंतर किल्ली फिरवून एकेक उपकरण सुरू होताना काय बदलते ते पाहतात. दोष सापडलेल्या तारेवर फेराइटचे कडे चढवतात, सुटे भाग तांब्याच्या पट्ट्यांनी जोडतात आणि संचातील गोंगाट-रोधक यंत्रणा वापरतात. मोबाइलचा चार्जर काढून टाकण्यासारख्या साध्या गोष्टीनेही कधीकधी पट्टा मोकळा होतो.

शहरातील घरांत हा गोंगाट अधिक असतो. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, लिफ्ट आणि इंटरनेटची साधने यांमुळे इमारतीतील ग्राही संचावर अखंड खरखर ऐकू येते. शिवाय सदनिकेत राहणाऱ्यांना गच्चीवर मोठी अँटेना उभारण्याची परवानगी मिळेलच असे नाही. अशांना गाडी शहराबाहेर नेऊन केलेले काम घरच्या केंद्रापेक्षा अनेकदा अधिक फलदायी ठरते, कारण अँटेना आखूड असली तरी तेथे दुर्बल आवाजही ऐकू येतो.

आयनांबर आणि पट्ट्यांची निवड

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांतील अणु-रेणूंचे आयनीभवन होते. या भागास आयनांबर म्हणतात. सुमारे २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरील 'एफ' थर लघुलहरींना पृथ्वीकडे परत वळवतो. लहर जितक्या नीच कोनात निघेल तितका तिचा टप्पा लांब पडतो. एका टप्प्यात सुमारे ३,००० ते ४,००० किलोमीटर अंतर कापले जाते. पुढे जमिनीवरून किंवा समुद्रावरून परावर्तित होऊन लहर दुसरा टप्पा घेते. मुंबईहून लंडनला पोहोचण्यास असे दोन किंवा तीन टप्पे लागतात. केंद्राच्या जवळचा भूलहरींचा प्रदेश संपल्यावर आणि पहिला टप्पा जमिनीवर उतरण्यापूर्वी मधल्या पट्ट्यात आवाज पोहोचत नाही. त्यास मौन क्षेत्र म्हणतात. त्यामुळे गाडीतून जपानशी बोलणे होते आणि त्याच वेळी त्याच पट्ट्यावर शेजारच्या जिल्ह्यातील केंद्र ऐकू येत नाही, असे घडते.

दिवसा खालचा 'डी' थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो. म्हणून ७ मेगॅहर्ट्झवर दूरसंपर्क मुख्यतः रात्री होतात, २१ व २८ मेगॅहर्ट्झवर दिवसा होतात, तर १४ मेगॅहर्ट्झचा पट्टा दोहोंच्या मधला असून संध्याकाळी विशेष उपयोगी पडतो. उगवतीच्या व मावळतीच्या संधिप्रकाशाच्या रेषेवर दोन्ही केंद्रे असतील तर थोडा वेळ अतिशय चांगला मार्ग खुला होतो. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होते. डाग वाढले की उच्च पट्टे दिवसभर खुले राहतात. २०२४ च्या सुमारास असा शिखरकाळ आला. गाडीची आखूड अँटेना नेमकी याच पट्ट्यांवर सर्वांत कार्यक्षम असल्याने शिखरकाळ मोटारीतील केंद्रांना विशेष लाभदायक असतो.

भारताचे स्थानही या दृष्टीने वेगळे आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतातून जाते. याच कारणाने १९६३ साली केरळमधील थुंबा येथे अग्निबाण प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. या वृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस आयनांबर अधिक दाट असते. त्यामुळे भारतातून ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांसारख्या दक्षिण गोलार्धातील प्रदेशांकडे उच्च पट्ट्यांवर चांगले मार्ग मिळतात. उलट, एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या गडगडाटी वादळांमुळे ७ मेगॅहर्ट्झवर विजांची कडकड वाढते व दुर्बल आवाज झाकला जातो.

जागेची निवड

स्थिर केंद्राला जागा बदलता येत नाही, गाडीला येते. मोटारीतील केंद्राचा हा सर्वांत मोठा फायदा होय. उभी अँटेना नीच कोनात प्रारण करते. मात्र हे प्रारण कितपत प्रभावी होईल हे समोरच्या जमिनीच्या वाहकतेवर ठरते. साधारण जमिनीची वाहकता मीटरला ०.००५ सीमेन्स धरली जाते, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे ५ सीमेन्स असते. हे प्रमाण हजार पटींचे आहे. गाडी पाण्याच्या काठापासून काही तरंगलांबींच्या आत, म्हणजे १४ मेगॅहर्ट्झवर शंभरेक मीटरच्या आत उभी असेल, तर पाच ते दहा अंशांच्या नीच कोनात जाणारी शक्ती कितीतरी पटींनी वाढते. अँटेनेत झालेली हानी समुद्र अशा रीतीने अंशतः भरून काढतो.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरून युरोपची दिशा वायव्येस आणि पूर्व आफ्रिकेची नैर्ऋत्य-पश्चिमेस येते. या दोन्ही दिशांना समोर अरबी समुद्र असतो. जपानच्या दिशेला मात्र सह्याद्रीची भिंत आहे. ८०० मीटर उंचीचा डोंगर तीन किलोमीटरवर असेल तर त्या दिशेचे क्षितिज सुमारे १५ अंशांनी वर उचलले जाते आणि दूरसंपर्काला लागणारे नीच कोन अडतात. गाडी पायथ्यापासून दूर घेतली की हाच अडथळा एक-दोन अंशांवर येतो. घाटमाथ्यावरील मोकळी, पूर्वेकडे उतरती जागाही त्या दिशेला चालते. दरीतील रस्ता, उच्च दाबाच्या वीजवाहिन्या आणि लोखंडी पूल यांच्या सान्निध्यात संपर्क अचानक तुटतात. किनाऱ्याजवळ वीजखांबांच्या चिनी मातीच्या टोप्यांवर क्षार साचून ठिणग्या पडतात. अशा खांबांपासूनही दूर राहावे लागते. वाळूवर गाडी नेण्यापेक्षा समुद्रालगतचा रस्ता किंवा धक्का सुरक्षित असतो, कारण भरतीच्या वेळी वाळूत रुतलेली गाडी काढता येत नाही.

संपर्काची पद्धत

दुर्बल शक्तीच्या केंद्राने स्वतः 'सीक्यू' अशी सर्वांना साद घालत राहण्यापेक्षा, बलवान आवाजात साद घालणाऱ्या केंद्राला उत्तर देणे अधिक यशस्वी होते. अनेकजण एकाच दुर्मिळ केंद्राला हाका मारत असतील तर गर्दीच्या मधल्या क्षणिक शांततेत संकेतनाम एकदाच, स्पष्ट अक्षरोच्चारांनी सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार फिरते केंद्र आपल्या संकेतनामानंतर 'मोबाइल' असे जोडते. पलीकडच्या चालकाला त्यावरून आवाज दुर्बल का आहे हे कळते आणि तो कान देऊन ऐकतो. संपर्कात दोन्ही बाजूंची संकेतनामे व ऐकू येण्याचा दर्जा यांची देवाणघेवाण होते. दर्जा सुस्पष्टतेसाठी १ ते ५ व बलासाठी १ ते ९ या अंकांत देतात.

मोर्स संकेतांना फार अरुंद पट्टी पुरते, त्यामुळे आवाजाने न होणारा संपर्क मोर्सने होऊ शकतो. २०१७ मध्ये आलेली 'एफटी८' ही संगणकीय पद्धत १५ सेकंदांच्या ठरावीक खंडांत संदेश पाठवते आणि कानाला न ऐकू येणारे संकेतही ओळखते. तिला पडदा पाहावा लागत असल्याने ती गाडी थांबवूनच वापरतात. नोंदवहीत वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार (यूटीसी) लिहितात. ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. धावत्या गाडीत नोंद लिहिता येत नसल्याने ध्वनिमुद्रण करून ती नंतर उतरवली जाते.

अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या 'डीएक्ससीसी' या पुरस्कारासाठी जगाची ३४० देश व प्रदेशांत विभागणी केली आहे. त्यांपैकी किमान शंभरांशी संपर्काची पुष्टी मिळाल्यावर पुरस्कार मिळतो. चालकाची सर्व केंद्रे एकाच देश-प्रदेशात असतील तर गाडीतून केलेले संपर्कही त्यासाठी धरले जातात.

परवाना आणि नियम

भारतात हौशी केंद्र चालवण्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. विनापरवाना प्रेषण हा गुन्हा आहे. परवान्याच्या श्रेणीनुसार शक्ती व पट्टे ठरलेले असतात, आणि केंद्राचे स्थान व फिरते केंद्र चालवणे यांसंबंधीच्या अटी पाळाव्या लागतात. हौशी पट्ट्यांवर व्यापारी संदेश व गुप्त लिपीतील संदेश पाठवण्यास मनाई आहे.

सुरक्षितता

मोटार वाहन अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातात धरायची संपर्कसाधने वापरणे हे धोकादायक वाहनचालन मानले जाते. दूरसंपर्कात क्षीण आवाजाकडे लक्ष एकवटावे लागते व ते रस्त्यावरून उडते. त्यामुळे गाडी सुरक्षित जागी उभी करून काम करणे हाच योग्य मार्ग होय.

अँटेनेची काठी रस्त्यावरील तारा, झाडांच्या फांद्या आणि पेट्रोल पंपाचे छत यांना लागू शकते. वीजवाहिनीला ती टेकणे प्राणघातक ठरते. शंभर वॅटवर ७ मेगॅहर्ट्झच्या आखूड अँटेनेच्या वेटोळ्याच्या वरच्या भागावर दोन हजारांहून अधिक व्होल्ट दाब असू शकतो. प्रेषण चालू असताना तिला स्पर्श केल्यास भाजते. पेट्रोल भरताना संच बंद ठेवतात. वादळात अँटेना उतरवून ठेवणे श्रेयस्कर असते.

आपत्तीकाळातील उपयोग

नैसर्गिक आपत्तीत वीज व मोबाइल मनोरे बंद पडतात. २००१ च्या भूज भूकंपानंतर आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारतातील हौशी रेडिओचालकांनी संपर्कसेवा दिली. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील पथक हौशी केंद्र चालवण्यासाठी अंदमानात होतेच. त्या केंद्रावरून बेटांवरील लोकांची खबर मुख्य भूमीवर पोहोचली. मोटारीतील केंद्र स्वतःची वीज निर्माण करते आणि जेथपर्यंत रस्ता आहे तेथपर्यंत जाते, म्हणून अशा प्रसंगी ते उपयोगी असते.

परंतु आपत्तीत बहुधा शंभर-दोनशे किलोमीटरवरील जिल्हा मुख्यालयाशी बोलायचे असते आणि दूरसंपर्कासाठी बसवलेल्या उभ्या अँटेनेच्या मौन क्षेत्रात नेमका तोच भाग येतो. अशा वेळी ७ किंवा ३.५ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यावर लहर जवळजवळ सरळ वर पाठवतात. त्यासाठी गाडीपासून झाडाकडे सुमारे वीस मीटरची तार जमिनीपासून थोड्या उंचीवर आडवी ताणली जाते. गाडीत तारेचे एक वेटोळे व दोर बाळगल्यास एकाच संचाने दूरचे आणि जवळचे असे दोन्ही प्रकारचे संपर्क साधता येतात.

हे सुद्धा पहा

- हौशी रेडिओ
- आयनांबर
- लघुलहरी
- मोर्स संकेत
- अँटेना